पोषण वर्ग घेण्याआधी घरातले ताट पाहा : वस्ती पातळीवरील आहार-शिक्षणाचे टप्पे

पोषण वर्ग संपतो तेव्हा सगळे समाधानी असतात. रांगोळी झालेली असते, फळे-पालेभाज्या मांडलेल्या टेबलाचे फोटो निघालेले असतात, हजेरीच्या वहीत तीस-चाळीस सह्या असतात. आठ-दहा दिवसांनी त्याच घरांत सकाळी गेले की दीड वर्षाचे मूल चहात बुडवलेली खारी खाताना दिसते. कोल्हापूर जिल्ह्यात, जिथे दारात म्हैस, परड्यात शेवगा आणि कणगीत ज्वारी आहे, तिथेही हे दिसते. मीही सुरुवातीची दोन वर्षे याच पद्धतीने वर्ग घेतले आहेत. आयांना ऐकायचे नसते, असे मुळीच नाही. आपण शेवटी करायचे काम आधी करतो आणि आधी करायचे काम करतच नाही, ही खरी अडचण आहे.

अंगणवाडी सेविका, आशा, महिला बचत गट, शाळेतील शिक्षक किंवा गावातले तरुण मंडळ असे काम हाती घेत असेल, तर पुढील क्रम सोडू नये. आधी घरे पाहायची, मग एक सवय निवडायची, मग ती रांधून दाखवायची आणि पुन्हा त्याच घरांत जायचे. या सगळ्यात भाषणाचा भाग सर्वांत लहान आहे.

टप्पा १ : वस्ती ठरवणे आणि माणसे जोडणे

एका वेळी एकाच अंगणवाडीचे क्षेत्र घ्यावे. सर्वसाधारणपणे ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असते, त्यामुळे सहा महिने ते दोन वर्षे या वयाची मुले तिथे हाताच्या बोटांवर मोजण्यापेक्षा थोडी जास्त, पण प्रत्येक घरी जाता येईल इतकीच असतात. कार्यक्रमाची सुरुवात याच वयोगटापासून करावी. वरचा आहार सुरू होण्याचा हा काळ आहे, आणि वाढीत मूल मागे पडायला लागते तेही बहुधा इथेच.

पर्यवेक्षिकेच्या मार्फत बाल विकास प्रकल्प कार्यालयाला लेखी कळवावे, आरोग्य सेविका आणि आशा यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. सेविकेकडे आधीच नोंदवह्या आणि पोषण ट्रॅकर या शासकीय मोबाइल अ‍ॅपचे काम असते. तिला आणखी एक तक्ता भरायला देऊ नये, तो आपण भरावा.

वेळेचा विचार इथेच करावा लागतो. पश्चिमेकडील तालुक्यांत, म्हणजे शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांत, भाताच्या रोपलागणीच्या दिवसांत घरात कोणी भेटत नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला भांगलणीला जाणाऱ्या बायका सायंकाळीच परततात. इचलकरंजीत यंत्रमागाच्या पाळ्यांप्रमाणे घराचे जेवण हलते, म्हणून तिथे गल्लीनुसार दोन वेळा ठेवाव्या लागतात. गावचा बाजार, यात्रा, म्हाई (गावदेवीचा सण) आणि दूध संस्थेत दूध घालण्याची वेळ टाळावी. सप्टेंबरच्या पोषण माहात वर्ग घ्यायचा असेल, तर घरभेटी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाल्या पाहिजेत.

*तपासणी :* सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, घर आणि त्याला रोज भरवणाऱ्या व्यक्तीचे नाव यादीत आहे का? ही व्यक्ती आई असेलच असे नाही. आई कामावर जात असेल तर भरवते ती आजी. मग वर्गाचे निमंत्रण आजीलाही गेले पाहिजे.

टप्पा २ : घरातले ताट पाहणे

हा टप्पा सर्वाधिक वेळा वगळला जातो, म्हणून त्यावर मी जास्त लिहीत आहे.

यादीतील किमान दहा-बारा घरांत जाऊन आदल्या दिवशी मुलाने उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्ले, ते क्रमाने विचारावे. यालाच चोवीस तासांच्या आहाराची आठवण म्हणतात. प्रश्न कसा विचारला जातो, यावर सगळे अवलंबून आहे. “बाळ डाळ खाते का?” असे विचारले की उत्तर “खातंय की” असेच येते, कारण समोरच्या बाईला परीक्षा चालल्यासारखे वाटते. त्याऐवजी दिवसाच्या वाटेने जावे. राधानगरी तालुक्यातील एका घरात झालेले बोलणे इथे देतो.

“काल सकाळी पोरगं उठलं, तवा पयलं काय दिलासा, वहिनी?”

“च्या-चपाती.”

“मग दुपारच्याला?”

“भात आन् डाळीचं पाणी.”

“पाणी म्हंजे वरचं, का खालची डाळ पण?”

यावर आई गप्प राहिली आणि चुलीजवळून आजीच बोलल्या, “एवढ्याशा पोराला डाळ पचती व्हय? वरचंच देतो आमी.”

त्या एका वाक्यात कार्यक्रमाचा विषय सापडला. डाळ घरात होती, रोज शिजत होती, आणि तिचा गाळ सोडून पिवळे पाणी तेवढे बाळाच्या पोटात जात होते. भाषणात डाळींतील प्रथिनांचे महत्त्व तासभर सांगितले असते, तरी या घरात सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि डाळीचे पाणी चालूच राहिले असते.

घरभेटीत पुढील गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात किंवा विचाराव्यात.

१. घरात दूध किती निघते हा प्रश्न उपयोगाचा नाही. किती लिटर घरी ठेवले जाते आणि ते कशात जाते, हे विचारावे. कितीतरी घरांत दोन्ही वेळचे दूध डेअरीला जाते आणि उरलेले पाव लिटर चहात संपते. अशा घरातील मूल दूध पिते असे नोंदवणे चूक आहे.

२. आमटीत चटणी कधी पडते? आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखट मसाला, आणि तो फोडणीतच जातो. मग तिखट म्हणून मुलाला आमटी, उसळ, भाजी काहीच देता येत नाही, आणि ते कोरडा भात किंवा चहा-चपातीवर राहते.

३. मटणाच्या दिवशी मुलाच्या वाट्याला काय येते? बहुधा रश्श्यात भिजवलेली भाकरी येते. रश्श्याची चव मिळते, मांस मिळत नाही.

४. अंगणवाडीतून मिळणारे घरपोच आहाराचे पाकीट फुटले आहे का, आणि ते कोण खाते? पाकीट माळ्यावर पडून असेल तर ओरडू नये. ते कसे शिजवायचे, हे कोणी दाखवले नसण्याची शक्यता जास्त असते.

५. मुलाची स्वतःची वाटी आहे का? बारशाला आलेली नाव घातलेली स्टीलची वाटी अनेक घरांत फडताळात मांडून ठेवलेली असते आणि मूल आईच्या ताटातच खाते. आईच्या ताटातून चार घास गेले की पोटभर जेवले असा समज होतो. वेगळ्या वाटीत वाढले की किती उरले ते दिसते.

नोंदीसाठी आठ अन्नगटांची साधी खूण पुरते. आईचे दूध, धान्ये व कंदमुळे, डाळी-कडधान्ये व शेंगदाणे-तीळ, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या व पिवळी-केशरी फळे-भाज्या, आणि इतर फळे-भाज्या असे हे गट आहेत. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलाच्या आहारात आदल्या दिवशी यांतील किमान पाच गट आलेले असावेत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. चहातले दूध दुधाच्या गटात धरू नये आणि डाळीचे वरचे पाणी डाळीच्या गटात धरू नये. इथे आपण सैल झालो तर पुढची सगळी मोजणी खोटी पडते.

*सावधान :* घरात बसून उपदेश करू नये, चेहऱ्यावर नापसंती आणू नये, डबे उघडून पाहू नयेत. या भेटीत फक्त ऐकायचे असते. पहिल्या घरात तुम्ही रागावलात हे संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरते, आणि मग उरलेल्या घरांत तुम्हाला सगळेच पौष्टिक ऐकायला मिळते.

टप्पा ३ : एकच सवय निवडणे

दहा-बारा घरांच्या नोंदी समोर ठेवून सेविका, आशा आणि दोन अनुभवी आया यांच्यासह तासभर बसावे आणि एका वर्गासाठी एकच सवय निवडावी. आपल्याला सगळेच महत्त्वाचे वाटते म्हणून हा निर्णय जड जातो, पण स्वच्छता, लोह, स्तनपान, लसीकरण, पाकीटबंद खाऊ आणि सहा पाककृती एका दुपारी सांगितल्या तर घरी एकही पोचत नाही.

सवय निवडताना ती निम्म्याहून अधिक घरांत चुकते आहे का, तिच्यासाठी लागणारा जिन्नस घरातच आहे का, आणि ती करणे भरवणाऱ्या बाईच्या हातात आहे का, हे पाहावे. दूध विकू नका, असे सांगणे सोपे असते. पण दुधाचा दहा दिवसांचा पगार कोणत्या खर्चाला जायचा हे घरातल्या चार माणसांनी ठरवलेले असते, आणि एकट्या सुनेला तो बदल जमत नाही. त्याऐवजी बाळाचा पाव लिटर डेअरीच्या किटलीत ओतण्याआधी मोजून बाजूला काढणे, हे तिला जमते.

आपल्या भागात वारंवार उपयोगी पडलेली सवय एका वाक्यात अशी सांगता येते : “चटणी घालायच्या आधी बाळाचा वाटा काढायचा.” आमटी, उसळ, भाजी किंवा मटण शिजले की मसाला घालण्यापूर्वी पळीभर बाजूला काढून ते चांगले मऊ करायचे. वेगळा स्वयंपाक नको, वेगळा खर्च नको, आणि बाळाला घरच्या अन्नाची चव लागते.

दुसरी सवय म्हणजे घट्टपणा. पळीने उचललेले अन्न चमचा तिरका केल्यावर पटकन वाहून गेले तर ते पातळ आहे. ते चमच्यावर थांबून हळू घसरले पाहिजे. बाळाचे पोट लहान असते, ते पाण्याने भरले तर अन्नाला जागा राहत नाही.

तिसरी सवय चहाची आहे. चहातील घटक अन्नातले लोह शोषू देत नाहीत, म्हणून लहान मुलाला चहा देऊच नये आणि गरोदर बाईने जेवणाच्या आधी-नंतर तासभर तो टाळावा. उलट लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतील क जीवनसत्त्वाने डाळी-पालेभाज्यांतले लोह अधिक शोषले जाते.

इथे गुळाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपला जिल्हा गुळाचा आहे आणि “गुळात लोह असतं” हे प्रत्येक वर्गात कोणीतरी म्हणतेच. गुळात थोडे लोह असते हे खरे, पण तो मुख्यतः साखरच आहे. रक्त कमी असलेल्या बाईला किंवा मुलाला गूळ-शेंगदाणे खायला सांगून लोहाच्या गोळ्या वा सिरप मागे पाडणे धोक्याचे आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे सिरप देण्याची शासकीय योजना आहे. ते आशाकडून मिळते का, ते घरी दिले जाते का, हे विचारावे.

टप्पा ४ : वर्गाची तयारी

वर्गाच्या आदल्या दिवशी तोच पदार्थ, त्याच चुलीवर किंवा शेगडीवर, त्याच भांड्यात स्वतः करून पाहावा. ही रंगीत तालीम टाळली की भर वर्गात डाळ कच्ची राहते आणि बायका नम्रपणे गप्प बसतात.

सामान वस्तीतल्या दुकानातूनच आणावे. बाहेरून आणलेली सफरचंदे, ओट्स, सुकामेव्याच्या पुड्या टेबलावर दिसल्या की हे आपल्याला परवडणारे नव्हे असा निर्णय पहिल्या पाच मिनिटांत होऊन जातो. नाचणी, ज्वारी, तांदूळ, मूगडाळ, हरभरा, शेंगदाण्याचे कूट, शेवग्याचा पाला, पोकळा, तांदळी, मेथी, अंडी आणि घरचे दही एवढ्यातून वर्ग होतो. चंदगड-आजऱ्याकडे नाचणी घरची असते, तर करवीर-कागलच्या सपाटीला ज्वारी. पदार्थ त्या घराप्रमाणे बदलावा. माळकरी किंवा जैन कुटुंबे असतील तर अंड्याचा पदार्थ त्याच भांड्यांत करू नये. त्यांच्यासाठी डाळ, दही आणि शेंगदाण्याचे कूट यांवर भर द्यावा.

प्रत्येक आईला तिच्या घरची मुलाची वाटी सोबत आणायला सांगावे. ही सूचना निमंत्रणातच द्यावी, कारण वर्गातले सर्वांत उपयोगी दहा मिनिटे या वाटीवर अवलंबून आहेत.

*तपासणी :* पंधरा-वीस जणींहून अधिक बोलावल्या आहेत का? असतील तर दोन वर्ग करावेत. चुलीभोवती उभे राहून दिसेल एवढीच माणसे हवीत.

टप्पा ५ : वजन-मोजमाप, आणि ते चारचौघांत न सांगणे

मोजमाप वर्गाच्या दिवशी करू नये. सेविकेच्या नेहमीच्या वजनाच्या दिवशी आपण मदतीला जावे. काटा शून्यावर आहे का ते प्रत्येक मुलाआधी पाहावे, जाड कपडे काढावेत, दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवून घ्यावी. दंडाचा घेर डाव्या हाताला, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर खूण करून, हात सैल सोडलेला असताना मोजावा. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी (पट्टीवरचा लाल भाग) असेल तर ते तीव्र कुपोषणाच्या गटात येते, ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम. दोन्ही पायांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहत असेल, तर घेर कितीही असला तरी मूल तातडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले पाहिजे.

*सावधान :* असे मूल पाककृतीच्या वर्गाने बरे होणार नाही. त्याला उपचार लागतात, गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल व्हावे लागते. वर्गाला या म्हणून त्याची आठवडाभर वाट पाहू नये, आणि निकाल आईला एकटीला, बाजूला बसवून सांगावा. “तुझं पोरगं लाल पट्टीत हाय” हे मैदानात ओरडून सांगितलेले मी ऐकले आहे. ती आई पुढे तीन महिने अंगणवाडीकडे फिरकली नाही.

टप्पा ६ : प्रत्यक्ष वर्ग

वर्ग दीड तासापेक्षा लांबवू नये. त्याचा क्रम असा ठेवावा.

१. वाटी मोजणे. आणलेल्या प्रत्येक वाटीत पाणी भरून ते २५० मिलिलिटरच्या मापात ओतावे. घरोघरच्या वाट्या किती वेगवेगळ्या असतात हे बायका स्वतः पाहतात. एकीची वाटी मापाच्या तिसऱ्या हिश्शालाच संपते, दुसरीची निम्म्यावर जाते. त्यानंतर वयानुसार प्रमाण सांगावे. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू त्या मापाच्या अर्ध्यापर्यंत, दिवसातून दोन ते तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धे माप, तीन ते चार वेळा. एक ते दोन वर्षांत पाऊण ते पूर्ण माप, तीन ते चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. आईचे दूध दोन वर्षे आणि त्यापुढेही चालू ठेवावे. प्रत्येकीने आपल्या वाटीच्या हिशेबात हे प्रमाण तिथल्या तिथे ठरवावे : “माझ्या वाटीनं दीड वाटी.” हा आकडा घरी जातो, चार्टवरचा जात नाही.

२. रांधणे. मऊ भातासाठी तीन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ घेऊन भरपूर शिजवावे, शिजत आल्यावर बारीक चिरलेला शेवग्याचा पाला किंवा तांदळी घालावी आणि उतरवल्यावर चमचाभर तूप किंवा तेल. हे काम आपण करू नये, जमलेल्यांपैकी दोघींना करायला द्यावे. मिक्सरमध्ये पाण्यासारखे करू नये, चमच्याने रगडावे. नऊ महिन्यांनंतर थोडे भरड ठेवावे, म्हणजे मूल चावायला शिकते. वर्षाच्या आत मीठ-साखर घालण्याची गरज नसते आणि मध तर देऊच नये.

नाचणीचे सत्त्व दाखवायचे असेल तर त्याची तयारी तीन दिवस आधी सुरू होते : रात्रभर भिजवणे, ओल्या फडक्यात बांधून मोड आणणे, सावलीत वाळवणे, मंद भाजणे, दळणे. मोड आल्याने पिठाचा चिकटपणा कमी होतो, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते आणि तरी खीर गिळता येते. हा फायदा घेण्याऐवजी पुष्कळ घरांत चमचाभर सत्त्व वाटीभर पाण्यात ढवळून दिले जाते. ही चूक चमचा तिरका करून दाखवावी.

३. चटणीआधीचा वाटा. त्याच वेळी शेजारच्या शेगडीवर घरच्यासारखी आमटी किंवा उसळ करावी आणि चटणी घालण्याच्या क्षणी थांबावे. “आता काय करायचं?” असे विचारावे. कोणीतरी पळी उचलतेच. तिलाच वाटा काढू द्यावा, रगडू द्यावा.

४. भरवणे. मुलांना तिथेच भरवावे. मोबाइल बाजूला ठेवावा, मुलाशी बोलावे, तोंड फिरवले तर थांबून पुन्हा द्यावे, नाक दाबून किंवा हात धरून कोंबू नये. भरवणारीचे आणि मुलाचे हात आधी साबणाने धुवावेत. ही गोष्ट भाषणात न घेता बादली, तांब्या आणि साबण दाराशी ठेवून करून घ्यावी. आजींना मुद्दाम पुढे बसवावे. ज्या आजींनी डाळ पचत नाही म्हटले होते, त्यांच्याच मांडीवर नातू रगडलेली डाळ खातो, तेव्हा त्यांच्याशी वाद घालावा लागत नाही.

५. शेवटची पाच मिनिटे. प्रत्येकीने उद्या काय करणार ते एका वाक्यात सांगावे आणि आपण ते लिहून घ्यावे. हीच घरभेटीची यादी.

*सावधान :* अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, द्राक्षे पाच वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाणे कूट करूनच द्यावेत. वर्गात प्रसाद किंवा खाऊ म्हणून फुटाणे वाटण्याची पद्धत आहे, ती बंद करावी.

टप्पा ७ : घरभेट

पहिली भेट तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, जेवणाच्या वेळी. उशीर झाला तर सवय मोडलेली असते आणि ती का मोडली ते आठवत नाही. घरात गेल्यावर “केलंसा का?” असे विचारू नये. “बाळाची वाटी बघू?” म्हणावे. वाटी धुऊन फळीवर हाताशी असेल तर ती वापरात आहे, पुन्हा फडताळात गेली असेल तर नाही.

जमले नसेल तर कारण शोधावे. चटणीआधी वाटा काढायची आठवण राहत नाही, असे एका सुनेने सांगितले. तिने चटणीच्या डब्यावरच बाळाची वाटी पालथी ठेवायला सुरुवात केली. डबा उघडायचा तर वाटी उचलावीच लागते. ही युक्ती आम्ही पुढच्या प्रत्येक वर्गात सांगितली. तिचे श्रेय तिचेच.

दुसरी भेट पंधराव्या दिवसाच्या आसपास. मूल मधल्या काळात आजारी पडले असेल तर काय केले, ते विचारावे. जुलाबात अन्न बंद करण्याची चूक अजून होते. जुलाबातही आईचे दूध आणि मऊ अन्न चालू ठेवायचे, क्षारसंजीवनी (ओआरएस) द्यायची, झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण करायच्या, आणि बरे झाल्यावर काही दिवस एक वेळचे जेवण वाढवायचे.

ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांच्या खोपींवर हा क्रम थोडा बदलावा लागतो. ती माणसे पहाटे फडात जातात, लहानग्याला सांभाळणारी मोठी बहीणच आठ-दहा वर्षांची असते. तिथे वर्ग भरवण्यापेक्षा सायंकाळी चूल पेटते त्या वेळी जावे, भाकरीबरोबर असलेल्या कालवणातूनच बाळाचा वाटा काढून दाखवावा, आणि ते मूल जवळच्या अंगणवाडीच्या यादीत आले आहे का याची खात्री करावी. सांभाळणाऱ्या बहिणीलाही खायला मिळते का, हे पाहणे विसरू नये.

टप्पा ८ : मोठ्या मुलांसाठी

तीन ते सहा वर्षांच्या आणि शाळेतल्या मुलांना जीवनसत्त्वांची नावे पाठ करायला लावू नयेत. त्यांना भाजी निवडायला, मोड आलेली मटकी धुवायला, परसबागेत मेथी पेरायला द्यावे. स्वतः पेरलेली मेथी मूल खाऊन पाहते. पाच रुपयांच्या पाकिटांविषयी मुलांना ओरडण्यात अर्थ नाही, कारण पाकिटाचे पैसे मोठ्यांनी दिलेले असतात. तो विषय पालकसभेत घ्यावा आणि त्याच पैशांत त्या दिवशीच्या भावाने किती शेंगदाणे, किती केळी येतात ते दुकानातून आणून समोर ठेवावे. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधील जंतनाशक दिनाची गोळी चुकलेल्या मुलांची यादी शाळेतून घेऊन आशाला द्यावी.

टप्पा ९ : बदल मोजणे

किती वर्ग झाले आणि किती जणी आल्या, ही कामाची नोंद आहे. बदलाची नोंद वेगळी असते. सहाव्या आठवड्यात टप्पा २ मधील त्याच घरांत, तेच प्रश्न, शक्यतो त्याच वारी विचारावेत. यात्रेचा किंवा सणाचा आठवडा नको, कारण त्या दिवसांत सगळ्यांच्याच ताटात जास्त गट दिसतात. आठ गटांच्या खुणा जुन्या खुणांशेजारी ठेवाव्यात आणि निवडलेली एक सवय किती घरांत टिकली ते मोजावे. प्रश्न विचारणारी व्यक्ती वर्ग घेणारी नसेल तर उत्तम, समोरच्याला आपले मन राखावेसे वाटत नाही.

वजन सहा आठवड्यांत फारसे बदलले नाही म्हणून निराश होऊन विषय बदलू नये. आजारपण, ऋतू, मुलाचे वय अशा अनेक गोष्टींनी वजन हलते, वाटीतला बदल त्याआधी दिसतो. बारापैकी सात-आठ घरांत सवय टिकली असेल तर पुढचा विषय घ्यावा. तीन-चार घरांतच टिकली असेल, तर कारणे पुन्हा विचारून पुढच्या महिन्यातही तीच आमटी, तीच पळी आणि चटणीआधीचा तोच वाटा ठेवावा.